अनुलोम, विलोम आणि मेंढी

ज्या प्रांतात वर्षाचे आठ महिने पंखा आणि उरलेले चार महिने छत्री लागते, तिथल्या भाषेने जनावरांच्या केसांची एवढी उठाठेव का करावी, हे एक कोडंच आहे. पण मराठीने ती केली आहे आणि मन लावून केली आहे. मेंढीच्या अंगावर असते ती लोकर, घोड्याच्या नि सिंहाच्या मानेवर रुळते ती आयाळ, गाईच्या शेपटीला असतो तो गोंडा, आणि सशाच्या कानावर, कोवळ्या भेंडीवर नि मिसरूड फुटू घातलेल्या मुलाच्या ओठावर असते ती लव. कोकराच्या अंगावरच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात आणि आपल्या घरातल्या बाळाच्या पहिल्या केसांनाही जावळच म्हणतात. फरक एवढाच, की बाळाचं जावळ काढताना त्याला मामाच्या मांडीवर बसवतात आणि वर आलेल्या-गेलेल्याला जेवायला घालतात. कोकराला मामा नसतो, आणि त्याच्या जावळाची घोंगडी होते. ती सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत महाग.

लोकर आणि लव या दोघींचं माहेर एकच, संस्कृतातलं लोम. संस्कृत मंडळी या बाबतीत काटेकोर. डोक्यावर असतो तो केश, अंगावर असतो तो लोम. त्यामुळे माणसाच्या वाट्याला केश जरा जास्त आले आणि जनावराच्या वाट्याला लोम. मराठीत येताना या लोमाचं जे झालं, ते आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘म’कारांचं होतं. मराठीला ‘म’ला ‘व’ करायची जुनी खोड आहे. ग्रामाचं गाव केलं, नामाचं नाव केलं, कोमलाला कोवळं करून टाकलं. जामातृ नावाच्या भारदस्त माणसाचा तिने जावई केला. मान तेवढाच राहिला, वजन मात्र कमी झालं. त्याच रीतीने लोमाची लव झाली.

हा ‘लव’ शब्द दिसतो तितका साधा नाही. संस्कृतातही एक लव आहे, पण त्याचा वंश वेगळा. तो ‘कापणे’ या अर्थाच्या धातूतून निघाला. कापलेलं ते लव, म्हणून कातरलेली लोकरही लव. पुढे रामाच्या धाकट्या मुलाचं नावही लव. हे नाव कसं पडलं याचा खुलासा रघुवंशावरच्या टीकेत मल्लिनाथाने केला आहे. वाल्मीकींच्या आश्रमात जुळी मुलं जन्मली तेव्हा त्यांची अंगं पुसायला टॉवेल नव्हते. एकाला कुश गवताने पुसलं आणि दुसऱ्याला लवाने. आणि इथे लव म्हणजे गाईच्या शेपटीचे केस. म्हणजे प्रत्यक्ष रघुकुळाच्या वारसाचं नाव गाईच्या गोंड्यावरून ठेवलं गेलं, आणि त्यावर घरात कोणी तोंड वाकडं केल्याची नोंद नाही. आज मुलाचं नाव ठेवायला बसलेले आईबाप मोबाइलवर अर्थ शोधतात, तेव्हा त्यांना ‘रामाचा पुत्र’ एवढंच दिसतं. मल्लिनाथ दिसला असता, तर बारशाच्या दिवशी आत्याचा आवाज नक्की खाली आला असता.

लोकरीचंही आपल्याकडे एकदा कातरकाम झालं आहे. जुन्या पुस्तकांत ती ‘लोंकर’ अशी भेटते, डोक्यावर अनुस्वार घेऊन. तो अनुस्वार म्हणजे गेलेल्या ‘म’ची आठवण. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार सरसकट उतरवले. धनगर मेंढी कातरताना निदान आधी तिला नदीवर नेऊन धुतो. इथे तेवढंही कोणी केलं नाही.

लोमाला एक जुळा भाऊ आहे, रोम. ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद मानू नये असं संस्कृत पंडित सांगतात. लहान मूल ‘रामा’ला ‘लामा’ म्हणालं तर आपण त्याला बोबडं म्हणतो. पंडित म्हणाले तर तो नियम होतो. या रोमापासून आपला रोमांच निघाला, आणि लोमापासून लोमहर्षक. दोन्हींचा अर्थ एकच, अंगावरचे केस उभे राहणे. महाभारत ज्याने सांगितलं त्या उग्रश्रवा सौतीच्या वडिलांचं नावच लोमहर्षण. ते कथा सांगायला बसले की ऐकणाऱ्यांचे केस ताठ होत, म्हणून हे नाव. व्याख्यानमालांत आजही अशी माणसं आहेत. फक्त केस उभे राहण्याचं कारण हल्ली बहुधा ‘शेवटचे दोन मुद्दे सांगतो आणि थांबतो’ हे वाक्य असतं.

गंमत म्हणजे, हा सगळा रोमांच मुळात जनावराचा माल आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की तो आखडतो आणि केस उभा राहतो. मांजराला याचा दुहेरी फायदा. केस फुलले की त्यांत हवा अडकते आणि ऊब मिळते. समोर कुत्रा आला तर तेच मांजर दुप्पट दिसतं आणि कुत्रा विचारात पडतो. माणसाच्या अंगावरची लोकर काळाच्या ओघात गेली, स्नायू मात्र ड्यूटीवर राहिला. त्यामुळे रात्री जिन्यात कोणी दिसलं की आपल्याही अंगावर काटा येतो, पण त्याने आपण दुप्पट दिसत नाही. समोरच्याला आपली घाबरगुंडी तेवढी कळते. वापरात नसलेल्या या खटक्याला आपण ‘रोमांच’ असं झकास नाव दिलं आणि शेवटच्या षटकातल्या सामन्यांना लावून टाकलं.

लोमाचा खरा पराक्रम पुढेच आहे. रोज सकाळी बागेत, टेरेसवर, दिवाणखान्यातल्या टीव्हीपुढे हजारो माणसं एक नाकपुडी दाबून बसलेली असतात. त्यांना विचारा, काय चाललंय? ‘अनुलोम-विलोम.’ या दोन शब्दांत श्वासाचा संबंध कुठेही नाही. अनुलोम म्हणजे केसांच्या दिशेने, विलोम म्हणजे केसांच्या उलट. एवढंच. जनावराच्या पाठीवरून हात फिरवायच्या या दोन तऱ्हा आहेत. डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर मांजर डोळे मिटून गुरगुरतं, हा अनुलोम. शेपटीकडून डोक्याकडे नेला तर मनगटावर तीन समांतर रेघा उमटतात, हा विलोम. जगातल्या यच्चयावत सुलट-उलट गोष्टींना नाव देण्यासाठी आपल्या पूर्वजांनी कोणत्या तरी जनावराची पाठ वापरली आहे.

आणि मग ही पाठ त्यांनी कुठे कुठे पसरली! सरळ वाचलं की रामकथा आणि उलटं वाचलं की कृष्णकथा असं अख्खं काव्य 17व्या शतकात वेंकटाध्वरी नावाच्या कवीने लिहिलं, ‘राघवयादवीयम्’, ते विलोमकाव्य. धर्मशास्त्रकारांनी तर लग्नंही याच मापाने मोजली. वरच्या वर्णाचा नवरा आणि खालच्या वर्णाची बायको असेल तर तो अनुलोम विवाह, उलट असेल तर प्रतिलोम. म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना पसंत केलं तरी समाजाच्या पाठीवरचे केस कोणत्या बाजूला झुकले आहेत, ते आधी पाहायचं. उलटा हात फिरला की समाज आजही फिस्कारतो, ओरबाडतोही. शब्द निवडणाऱ्याला मांजराचा स्वभाव नीट ठाऊक असावा.

या केसांच्या दिशेवर आपल्याकडे नुसती शास्त्रं चालत नाहीत, रोख व्यवहारही चालतात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात बघतो, मग चाल बघतो आणि मग बराच वेळ नुसता हात फिरवत राहतो. कपाळावरून, गळ्यावरून, छातीवरून, पोटाखालून. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, केवढं हे प्रेम! तो भोवरे शोधत असतो. केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. गळ्यावर ठरावीक जागी असला तर त्याला देवमण म्हणतात आणि घोड्याचा भाव चढतो. तोच भोवरा भलत्या जागी सापडला की गिऱ्हाइकाचं बोट तिथेच थांबतं. तो काही बोलत नाही, मालकाकडे फक्त बघतो. मालक घाईघाईने घोड्याच्या आज्याचं कौतुक सुरू करतो. गिऱ्हाईक म्हणतो, “बघू, एक चक्कर मारून येतो.” या देशात ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणालेला माणूस परत आल्याचं उदाहरण विरळा. घोडा मात्र शांतपणे माश्या वारत असतो. आपलं नशीब आपल्याच अंगावर गोल फिरतंय, याची त्याला दाद नसते. माणसाच्या डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात असं आपल्याकडे म्हणतात. घोड्याला ती सोय नाही. त्याला एका भोवऱ्यातच सगळं भोगावं लागतं.

सिंहाची आयाळ तर आपण सगळ्यांत जास्त पळवली आहे. संस्कृतात केसर म्हणजे आयाळ, आणि फुलातला तंतूसुद्धा केसर. ज्याला केसर आहे तो केसरी, म्हणजे सिंह. 1881 साली चिपळूणकर, आगरकर, टिळक या मंडळींनी वर्तमानपत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. ते गरजणारं होतं, शोभलं. पुढे 1961 पासून कुस्तीत ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाला. शब्दाच्या पोटात शिरलं तर याचा अर्थ होतो ‘महाराष्ट्रातला आयाळवाला’. आता किताब घेणाऱ्या पैलवानाकडे पाहा. डोक्यावर मशीन फिरवलेलं, कान कुस्त्या खाऊन मोडलेले, अंगाला लाल माती, खांद्यावर चांदीची गदा. आयाळ सोडून सगळं आहे. दुसरीकडे तोच शब्द फुलाच्या वाटेने स्वयंपाकघरात शिरला आणि केशर होऊन श्रीखंडात जाऊन पडला. अन्नात केस निघाला की आपण ताट सरकवतो, आणि केशराची काडी दिसली की आणखी एक वाटी मागतो.

अन्नातल्या केसाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सोवळ्याबद्दल बोलायला हवं. केसाचा आपल्याला मोठा विटाळ. पण देवाला वारा घालायची चवरी कशाची? चमर या हिमालयातल्या गाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांची. सारंगीचा गज कशाचा? घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. पोर झोपेत दचकतं म्हणून दरवेशी त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचा आणि त्याच अस्वलाचे चार केस ताइतात घालून गळ्यात बांधायला द्यायचा. म्हणजे पोराला आता फक्त अस्वलाची भीती उरे. आणि जुन्या घरांत सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीच्या अंगावर काय असे? धाबळी. निव्वळ लोकर! सुती लुगडं कोणी शिवलं की ओवळं, लोकर मात्र कायम शुद्ध, कारण शास्त्रात तसं लिहिलेलं. कोकणातल्या वैशाखात, चुलीपुढे, घामाच्या धारांत, टोचणारी धाबळी नेसून पुरणाच्या पोळ्या लाटायच्या, याला शुद्धी म्हणत. मेंढीलासुद्धा उन्हाळ्यात कातरून मोकळं करतात.

लोकर टोचते का, याचं उत्तर तिच्या जाडीत आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकरीच्या बाहेरच्या केसांखाली जी मऊ लव असते ती 12 ते 15 मायक्रॉनची. वसंतात ती विंचरून काढतात आणि तिचा पश्मीना होतो. फारसीत पश्म म्हणजे लोकर. तंतू 30 मायक्रॉनच्या पुढे गेला की तो कातडीला वाकून मुजरा करत नाही, सरळ टोचतो. आमची दख्खनी मेंढी या दुसऱ्या पंथातली. माळरानावर जे मिळेल ते खाऊन वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. काळीभोर, राठ आणि स्वाभिमानी. धनगरणी तिचं सूत काढतात, सनगर ते मागावर विणतात, वर चिंचोक्यांची खळ देतात आणि घोंगडी तयार होते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर ही लोकरही मुठीमुठीने उधळतात. ज्या समाजाचं पोट लोकरीवर चाललं त्याने ती देवावर ओवाळली. शहरातल्या माणसाने तिचं काय केलं? वाक्प्रचार केला.

भिजत घोंगडं! मराठी सार्वजनिक जीवनाचं एवढं नेमकं वर्णन दुसऱ्या कोणत्या शब्दांत होणार नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा निमूट पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. भुरभुर पाऊस ती अंगावरून झटकून टाकते. पण एकदा का पूर्ण भिजली, की एका माणसाला उचलत नाही, पिळता येत नाही आणि चार दिवस वाळत नाही. कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल उघडून पाहा. सुरुवातीची काही वर्षं ती हाताला कोरडी लागते. सभासद म्हणतात, “होईल हो पुढच्या महिन्यात.” ओलावा सगळा आत जिरत असतो.

आता थोडं हिंदीकडे वळू, कारण खरा गोंधळ तिथे आहे. लोकरीला संस्कृतात दुसरा एक शब्द आहे, ऊर्णा. इंग्रजांचा वूल आणि हा ऊर्णा ही एकाच पणजीची पणतवंडं. संस्कृतात कोळ्यालाही ऊर्णनाभ म्हणतात, म्हणजे बेंबीत लोकर असलेला. हिंदीने या ऊर्णेचं ऊन केलं. मराठीने त्याच वेळी उष्ण घेतलं आणि त्याचंही ऊनच केलं. त्यामुळे एकाच दोन अक्षरी शब्दात हिंदी माणूस गुरफटून बसतो आणि मराठी माणूस सावली शोधतो. मनालीच्या बाजारात दुकानदार “बहनजी, असली ऊन है” असं छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा नागपूरहून गेलेल्या मावशी गॉगल सावरत म्हणतात, “याला ऊन म्हणतात होय? मे महिन्यात आमच्याकडे या!”

या दोन उन्हांची गाठ घालून देणारा एक सोहळाही आपण शोधून काढला आहे. शाल-श्रीफळ. चंद्रपूरला मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर असताना मंडपात सत्कार चाललेला असतो. प्रमुख पाहुणे आधीच सदऱ्याच्या आत विरघळलेले. सूत्रसंचालक पुकारतो. अध्यक्ष उठतात, घडी उलगडतात आणि पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पांघरतात. पाहुणे हसतात, छायाचित्रकार “सर, इकडे” म्हणतो, शाल सरकते, अध्यक्ष ती पुन्हा घट्ट करतात. बाहेर मराठी ऊन, अंगावर हिंदी ऊन. खुर्चीवर बसल्यावर पाहुणे शाल मांडीवर घेतात आणि तिच्याच टोकाने मान पुसतात. त्यांचं दैव एवढंच बरं, की त्यांतलं एकच ऊन खरं असतं. शालीच्या कोपऱ्यात बारीक पट्टीवर लिहिलेलं असतं, ‘शंभर टक्के ॲक्रिलिक’.

इथे या सगळ्या कथेचा शेवट जवळ येतो. आधी माणसाने जनावराचा केस घेतला. मग केसाचं नाव घेतलं आणि ते श्वासाला, लग्नाला, पैलवानाला, श्रीखंडाला वाटून टाकलं. इंग्रजांनीही वेगळं काही केलं नाही. त्यांचा ‘फर’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला त्याचा अर्थ कपड्याला अस्तर लावणे. ज्या जनावराची ती कातडी होती, त्याला ते अस्तर वाटत नसावं. सरतेशेवटी माणसाने जनावरच वगळलं. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर आज ‘लोकर’ मागा. रंगीबेरंगी गुंडे समोर येतील. त्यांतले बरेचसे खनिज तेलापासून बनलेले. त्यांच्यावर काकू दोन सुलट, दोन उलट असे टाके घालतात. म्हणजे अनुलोम-विलोम व्यवस्थित चाललेलं असतं, फक्त लोम कुठे नसतो. आपल्याकडचे तर्कशास्त्री जगात नसलेल्या वस्तूचं उदाहरण द्यायचं झालं की सशाचं शिंग सांगत, नाही तर कूर्मरोम, म्हणजे कासवाचे केस. त्यांना काय ठाऊक, की एक दिवस तसल्याच, कोणत्याही जनावराच्या अंगावर न उगवलेल्या केसांचा स्वेटर होईल आणि त्यावर दिवाळीची सूटही मिळेल!

दुकानदार या मालाची महती सांगतो. आटत नाही, टोचत नाही, मशीनला टाका. “आणि ताई, मुख्य म्हणजे याला कसर लागत नाही.” हे मात्र अगदी खरं. कसरीच्या अळीला खरी लोकर पचते, कारण तिच्यात केसातलं केराटिन असतं. ॲक्रिलिक ती चाखूनही बघत नाही. कोशकार, शुद्धलेखनवाले, योगगुरू, सूत्रसंचालक आणि काकू या सगळ्यांनी लोकरीचा अर्थ पातळ करत आणला. कपाटाच्या खालच्या खणात बसून तो जुन्या अर्थाने, अक्षरशः चावून चावून सांभाळणारी आता एकटी कसर उरली आहे, आणि तिच्यावर आपण डांबराच्या गोळ्या टाकतो.